गालावर हिरवा कुठे शोभतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत आहेत: व्यक्तिचित्रात त्वचेचा खरा रंग सोडून निळा, हिरवा, जांभळा वापरायचा तर कसा? म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे. टोन म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद आहे ते, आणि त्याचे आकडे सगळीकडे ० ते १० या पट्टीवरचे आहेत. ० म्हणजे काळा, १० म्हणजे पांढरा.

प्रश्न: फ्रेंच चित्रकार मातीसने बायकोच्या चित्रात नाकावरून हिरवा पट्टा ओढला, तरी ती जिवंत वाटते. मी बहिणीच्या चित्रात एक गाल हिरवा केला तर ती आजारी दिसते. फरक कुठे पडतो?

जागेत, आणि त्याहून जास्त टोनमध्ये. ते चित्र १९०५ सालचे, कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातले, आकाराने जेमतेम ४० बाय ३२ सेंटिमीटर. पट्टा केसांपाशी सुरू होतो, कपाळाच्या मधोमध उतरतो, नाकाच्या दांड्यावरून खाली येतो आणि हनुवटीशी संपतो. जुन्या पद्धतीचा चित्रकार साधारण याच रेषेवर उजेडाची बाजू संपवून सावलीची सुरू करतो. मातीसने तिथे तपकिरीऐवजी हिरवा घातला. दोन बाजूंपैकी एक उजळ आणि एक गडद करण्याऐवजी एक पिवळसर ठेवली, दुसरी गुलाबी. चेहऱ्याला गोलाई देण्याचे काम त्याने छायाप्रकाशाकडून काढून उष्ण (लाल-पिवळ्या) आणि शीत (निळ्या-हिरव्या) रंगांकडे सोपवले. काम मात्र होतेच आहे. मनातल्या मनात तो पट्टा काढून टाका, नाकाला आधारच उरत नाही.

हिरवाही त्याने कुठून तरी उचलून आणलेला नाही. उजेडातून सावलीकडे वळणारा त्वचेचा भाग, म्हणजे हाफटोन, लालसर भागाच्या शेजारी मुळातच किंचित हिरवट-करडा दिसतो. युरोपातले जुने चित्रकार टेम्परात (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात) चेहरा रंगवताना आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर देत आणि त्यावर गुलाबी चढवत. खालचा हिरवा हाफटोनमध्ये उघडा राहायचा. त्यामागचे डोळ्याचे शास्त्र मिशेल युजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये सविस्तर मांडले: करडा ठिपका लाल रंगाशेजारी ठेवला तर तो हिरवट भासतो. मातीसने जे भासते तेच नळीतल्या रंगाने ठासून सांगितले.

आता तुमचा गाल. चेहऱ्याचे ढोबळ तीन पट्टे असतात. कपाळ पिवळसर, मधला भाग (गाल, नाक, कान) लालसर, आणि खालचा जबडा निळसर-करडा. दाढी केलेल्या पुरुषांत हा निळा अगदी स्पष्ट दिसतो. गाल ही रक्त सगळ्यात जवळ असलेली जागा. तिथेच हिरवा आला आणि बाकी चेहरा नेहमीच्या त्वचेच्या रंगात राहिला, तर डोळा त्याला उजेड मानत नाही, त्वचेतला बिघाड मानतो. त्यावर उपाय दोन. एक, अतिशयोक्ती निसर्गाच्याच दिशेने करा: कपाळ लिंबू पिवळ्याकडे, गाल शेंदरी किंवा मॅजेंटाकडे, जबडा निळ्या-हिरव्याकडे. दोन, गालावर हिरवाच हवा असेल तर सगळे चित्र त्या पट्टीत चढवा. कपाळ, मान, केस आणि पार्श्वभूमी यांत कुठेही ‘खरी’ त्वचा शिल्लक ठेवू नका, आणि तो हिरवा निदान आणखी दोन जागी येऊ द्या. मातीसच्या चित्रातही उजवीकडची सगळी पार्श्वभूमी हिरवी आहे, म्हणून पट्टा एकटा पडत नाही.

तिसरी तपासणी टोनची. त्या गालाचा टोन खऱ्या चेहऱ्यावर ६ होता आणि तुमचा हिरवा ३ असेल, तर तो खड्डा दिसणारच. अशा चित्रांत ‘रंग चुकला’ असे ज्याला म्हणतात तो बहुतेक वेळा चुकलेला टोन असतो. रंगाला इथे पूर्ण मोकळीक आहे, टोनला नाही.

प्रश्न: पहिल्यांदाच असे चित्र करायचे आहे. तैलरंग आहेत. कुठून सुरुवात करू? किती रंग घेऊ?

सात नळ्या पुरेत: टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो लाइट, कॅडमियम ऑरेंज, कॅडमियम रेड, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, अल्ट्रामरीन ब्लू, फ्थॅलो ग्रीन. काळा नको, आणि फ्लेश टिंट (त्वचेचा तयार रंग) तर पेटीतून बाहेरच काढून ठेवा. तो हाताशी असला की हात तिकडेच वळतो. कॅनव्हास ३० बाय ४० सेंटिमीटरचा, चेहऱ्याची उंची १८ ते २० सेंटिमीटर. चपटे ब्रश १२ आणि २० मिलिमीटर रुंदीचे, बारीक ब्रश एकच, तोही शेवटच्या तासासाठी.

समोर माणूस असो वा फोटो, उजेड एका बाजूने हवा. दिवा डोक्याच्या वर आणि ४५ अंश बाजूला. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोवर हे काम जमत नाही, कारण त्यात चेहऱ्याचे पृष्ठभाग वेगळे होतच नाहीत आणि मग रंग कुठे बदलायचा याला काही आधार राहत नाही.

आधी १० बाय १३ सेंटिमीटरच्या कागदावर चेहरा फक्त चार टोनमध्ये काढा: २, ४, ६, ८. बाह्यरेषा नकोत, डाग हवेत. कपाळाचा उजेड ८, गालाचा मधला भाग ६, नाकाची सावलीची बाजू ४, हनुवटीखालचा गळा २, असे. हे रेखाटन नीट झाल्याशिवाय नळी उघडू नका. हेच रेखाटन चित्र संपेपर्यंत डोळ्यांसमोर टांगून ठेवायचे आहे.

मग प्रत्येक टोनसाठी दोन रंग तयार करा, एक उष्ण आणि एक शीत. ८ साठी फिका लिंबू पिवळा आणि फिका नीलम. ६ साठी नारिंगी आणि फिका हिरवा. ४ साठी लाल आणि गडद हिरवा. २ साठी गडद किरमिजी आणि अल्ट्रामरीन. असे आठ ढीग झाले की पॅलेट तयार. ही निवड सक्तीची नाही, तुमची तुम्ही करा. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: प्रत्येक रंगाचा स्वतःचा एक टोन असतो, जिथे तो सगळ्यात तेजस्वी दिसतो. कॅडमियम यलो लाइट ८ च्या आसपास, ऑरेंज ६ च्या थोडे वर, कॅडमियम रेड ४ ते ५, अल्ट्रामरीन नळीतून येतो तसा १ ते २. गडद सावलीत झळाळता पिवळा घालायला जाल तर तो मिळणारच नाही. पिवळा गडद केला की शेवाळी होतो. सावलीत पिवळा हवाच असेल तर सबंध चित्र उजळ पट्टीत न्यावे लागेल.

ढिगाचा टोन बरोबर आहे का, हे डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. कार्डाच्या तुकड्यांवर २, ४, ६, ८ असे चार करडे रंग लावून वाळवा. मिसळलेल्या रंगाचा ठिपका त्या कार्डावर ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. ठिपक्याची कड हरवली की टोन जुळला. ठिपका उजळ उठून दिसला तर त्याच रंगातला गडद भाऊ थोडा घाला, बुडाला तर पांढरा. प्रमाणाचा अंदाज असा: अल्ट्रामरीनला ४ ते ५ पर्यंत आणायला जवळपास तेवढाच पांढरा लागतो. फ्थॅलोचे उलटे आहे. तिथे पांढऱ्याचा ढीग आधी घ्या आणि त्यात पॅलेट नाइफच्या (रंग कालवायच्या पात्याच्या) टोकाने हिरवा सोडा, नाहीतर नळीभर पांढरा संपेल आणि हिरवा तसाच गडद राहील.

मोबाइलने कृष्णधवल फोटो काढून तपासण्याची युक्ती चांगली आहे, पण आधी मोबाइल तपासा. पिवळा आणि अल्ट्रामरीन शेजारी लावून फोटो काढा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर ते अॅप फक्त रंग काढून टाकते, त्यातली उजळ-गडद पातळी बघत नाही. त्याच्यावर भिस्त ठेवू नका. संध्याकाळी मंद उजेडातही टोन ठरवू नका. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल काळवंडलेला आणि निळा उजळलेला दिसतो. सकाळी पाहिले की सगळे गाल उडी मारून पुढे आलेले असतात.

रंगवताना पार्श्वभूमी पहिल्या अर्ध्या तासातच घाला. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो, त्यामुळे चेहरा फिका रंगवला जातो. मग मागे निळा आला की तो खडूसारखा पांढुरका पडतो. मोठे डाग आधी, प्रत्येक डाग एका फटकाऱ्यात, आणि दोन डाग एकमेकांत घोटायचे नाहीत. कड मऊ हवी असेल तर दोन्हींच्या मधल्या टोनचा तिसरा डाग ठेवा.

प्रश्न: पॅलेटवर रंग स्वच्छ असतात, कॅनव्हासवर गेले की मळतात. का?

बहुतेक वेळा ब्रशमुळे. ओल्या लालवरून हिरव्याचा ब्रश दोनदा फिरला की तिथे तपकिरी तयार होतो, कारण विरोधी रंग (रंगचक्रात समोरासमोर येणारे) एकमेकांना मारतात. कॅडमियम रेड आणि फ्थॅलो ग्रीन यांचे तर हमखास होते. उष्ण रंगांचा ब्रश वेगळा, शीत रंगांचा वेगळा, आणि पांढऱ्याचा तिसरा ठेवा. फटकारा मारला की ब्रश उचला आणि पुसा. चुकलेला डाग ब्रशने दुरुस्त करत बसू नका, नाइफने खरवडून काढा आणि नव्याने ठेवा.

दुसरे कारण पांढरा. टायटॅनियम रंगाला उजळ करतो तसाच थंड आणि बोथटही करतो. लाल उजळायचा तर पांढऱ्यासोबत थोडा ऑरेंज, हिरवा उजळायचा तर थोडा पिवळा घाला. एका ढिगात तीनपेक्षा जास्त नळ्या गेल्या तर तो ढीग बाजूला सारून करडा म्हणून वापरा. असा करडा उपयोगी पडतो. सगळेच रंग पूर्ण आवाजात असले की एकही ऐकू येत नाही. चेहऱ्याचा निदान तिसरा हिस्सा दबलेल्या रंगांत ठेवला तर बाकीचे रंग मिसळलेल्यापेक्षा जास्त शुद्ध वाटतात.

फ्रेंच चित्रकार आंद्रे देरँ आणि मातीस यांनी १९०५ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या कोलिऊर या किनाऱ्यावरच्या गावी केलेली चित्रे या दृष्टीने बघण्यासारखी आहेत. कित्येक ठिकाणी दोन फटकाऱ्यांच्या मध्ये कोरा कॅनव्हास तसाच सोडला आहे. रंग रंगाला टेकतच नाही, मग मळणार कसा?

प्रश्न: पुस्तकांतली सगळी उदाहरणे गोऱ्या चेहऱ्यांची असतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हीच पद्धत चालते का? माझे जांभळे आणि निळे रंग राखेसारखे दिसतात.

पद्धत चालते, पट्टी बदलते. राखेसारखे दिसण्याचे कारण तुमच्या प्रश्नातच आहे: त्या निळ्या-जांभळ्यात पांढरा गेला आहे. गोऱ्या चेहऱ्याचा बराचसा भाग ६ ते ८ मध्ये असतो, म्हणून तिथे निळा वापरायचा तर त्यात भरपूर पांढरा घालावाच लागतो. गडद त्वचेचा मोठा भाग २ ते ५ मध्ये असतो. या पट्टीत अल्ट्रामरीन, मॅजेंटा, किरमिजी, फ्थॅलो ग्रीन, गडद नारिंगी हे सगळे जवळजवळ नळीतल्यासारखे वापरता येतात, पांढऱ्याचा स्पर्शही न होता. रंगांनी बोलणाऱ्या चित्रासाठी गडद त्वचा ही अडचण नाही, उलट सगळ्यात श्रीमंत विषय आहे. पुस्तकांनी तो दुर्लक्षिला, एवढेच.

टोन २, ३, ४, ५ असे जवळजवळ ठेवा आणि प्रत्येकाला उष्ण-शीत जोडी द्या. उजेडाच्या बाजूला गालाचे हाड ५ मध्ये ऑरेंज किंवा लालसर ऑरेंज, त्याच्या खाली वळणारा भाग ४ मध्ये मॅजेंटा, जबड्याची कड ३ मध्ये निळसर हिरवी, गळ्याची सावली २ मध्ये अल्ट्रामरीन. सावलीसाठी नळीतला काळा नको, तो छिद्र पाडल्यासारखा दिसतो. फ्थॅलो ग्रीनमध्ये मॅजेंटा मिसळा. निळसर-जांभळट, खोल आणि तरीही पारदर्शक असा गडद मिळतो. मॅजेंटा वाढवला की तो जांभळ्याकडे जातो, हिरवा वाढवला की समुद्राच्या रंगाकडे.

चमक वेगळी हाताळावी लागते. गडद त्वचेवर कपाळ, नाकाचे टोक आणि खालचा ओठ इथली चमक तीक्ष्ण असते, आणि तिचा रंग त्वचेचा नसून समोरच्या उजेडाचा असतो. खिडकीचा उजेड असेल तर ती फिकी निळी, पिवळ्या दिव्याची असेल तर पिवळसर. टोन ७ ते ८, आकार लहान, कडा स्वच्छ. पांढरा वापरायचा तो इथेच. हीच चमक गालभर पसरवली की पुन्हा राख दिसायला लागते.

आणखी एक: कॅनव्हासला आधी पातळ बर्न्ट सिएनाचा किंवा नारिंगी रंगाचा थर देऊन वाळवून घ्या. वरच्या पारदर्शक निळ्या-हिरव्यांतून तो खालून उब देत राहतो.

प्रश्न: विद्यार्थ्यांना शिकवताना लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख असे सांगितले जाते. व्यक्तिचित्रात भाव आणायचा तर हेच धरून चालायचे का?

नाही. असा तक्ता हातात दिला की विद्यार्थी चेहरा बघायचे सोडून तक्ता बघू लागतात. रंगाचा परिणाम शेजाऱ्यावर आणि प्रमाणावर ठरतो. तोच निळा पिवळ्याशेजारी उत्सवी असतो, आणि करड्या-हिरव्याशेजारी गारठलेला.

व्हॅन गॉगचे १८८८ चे, युजेन बॉक या चित्रकार मित्राचे व्यक्तिचित्र (पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे) घ्या. हे चित्र करण्याआधी त्याने भावाला पत्रात आपला बेत लिहिला होता: केसांचा सोनेरीपणा वाढवत नारिंगी, क्रोम आणि फिक्या लिंबू पिवळ्यापर्यंत न्यायचा, आणि मागे खोलीची साधी भिंत न रंगवता जमेल तितका गडद, गहिरा निळा भरायचा. निळ्याला इथे दुःखाचा अर्थ नाही. तो मागे खोल गेला म्हणून पुढचे डोके उजळून निघते, आणि तारे टाकल्यावर ती भिंत आकाश होते. वर्गात हाच प्रयोग करता येतो. एकच चेहरा, सगळ्यांना एकच गालाचा रंग, पार्श्वभूमी मात्र प्रत्येकाची वेगळी. चित्रे शेजारी लावा आणि काय बदलले ते विद्यार्थ्यांनाच विचारा.

प्रश्न: रंग मजेदार येतात, पण माणूस ओळखू येत नाही.

साम्य रंगात नसते, मापांत असते. दोन डोळ्यांतले अंतर, वरच्या पापणीचा कोन, नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंतची उंची, ओठांच्या कोपऱ्यांची दिशा. इथे दोन मिलिमीटर चुकले तर खऱ्या त्वचेच्या रंगातही माणूस हरवतो. रंग भरताना ही माप ठरवणारी टोके झाकली जातात, म्हणून पहिला थर वाळला की ती पातळ अल्ट्रामरीनने पुन्हा पक्की करा.

डोळ्यांत एक नेहमीची चूक होते. बुबुळाभोवतीचा भाग पांढरा रंगवला की डोळे वटारलेले दिसतात. तो भाग पापणीच्या सावलीत असतो, टोन ५ ते ६. शेजारच्या त्वचेपेक्षा एक पायरी उजळ पुरते. रंग कोणताही चालेल, फिका हिरवा, करडा जांभळा. पापणीखाली त्याचाच एक पायरी गडद पट्टा द्या, म्हणजे बुबुळ गोल बसते. डोळ्याभोवती रंग शांत ठेवावा, असे आमचे मत आहे. गाल, कपाळ आणि केस हवे तितके पेटू द्या, पण दोन्ही डोळ्यांच्या खोबणीत आठपैकी तीनच ढीग वापरा. बघणाऱ्याची नजर तिथे टेकते आणि मग बाकीचा सगळा धाडसी रंग ती मान्य करते.

प्रश्न: अॅक्रिलिकमध्ये केले तर रंग वाळल्यावर गडद होतात. शिवाय हे भडक रंग टिकतात का?

ओल्या अॅक्रिलिकमधला बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा घटक) दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून टोन उतरतो. गडद रंगांत हा फरक जास्त जाणवतो. ढीग अर्ध्या पायरीने उजळ बनवा आणि करड्या कार्डावर ठिपका लावून हेअर ड्रायरने वाळवल्यावरच टोन ठरवा. अॅक्रिलिकवर तैलरंग चढवता येतात. तैलरंगावर अॅक्रिलिक चढवू नका, सुटून येते.

टिकण्याचे म्हणाल तर नावावर जाऊ नका, नळीवरचा रंगद्रव्याचा कोड वाचा. पीबी २९ (अल्ट्रामरीन), पीजी ७ (फ्थॅलो ग्रीन), पीआर १२२ (मॅजेंटा) आणि कॅडमियमचे रंग घरातल्या उजेडात चांगले टिकतात. पीआर ८३, म्हणजे खरा अॅलिझरिन क्रिमसन, पातळ थरात आणि पांढऱ्यासोबत फिका पडतो. झगझगीत फ्लुरोसंट गुलाबी तर त्याच्याही आधी जातो. व्हॅन गॉगने वापरलेला इओसिन या कृत्रिम रंजकाचा लाल असाच उडाला. त्याच्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती मुळात जांभळ्या होत्या, लाल गेला आणि आज त्या निळ्या दिसतात. जांभळा हवा असेल तर तो पीआर १२२ आणि पीबी २९ मिसळून करा. कॅडमियमचा वाळलेला थर कोरडा घासू नका, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये. खरवडायचेच असेल तर पृष्ठभाग ओला ठेवून खरवडा आणि कपडा लगेच टाकून द्या.